आउरिन : एका प्राचीन सर्पमुद्रेचे अर्थांतर



प्रतीकांविषयी बोलताना आपण बहुधा कोशाची पद्धत स्वीकारतो. कमळ म्हणजे अलिप्तता, हंस म्हणजे विवेक, दीप म्हणजे ज्ञान, अशी समीकरणे आपल्याला शाळेपासून पाठ असतात. एखाद्या ग्रंथात तसे चिन्ह आढळले की त्यापुढे ठरलेला अर्थ मांडून आपण पान उलटतो. या पद्धतीने परीक्षेतला प्रश्न सुटतो, पण ग्रंथ हातून निसटतो. समर्थ लेखकाच्या हाती आलेले प्रतीक कथेच्या ओघात वाढत असते, पात्रांना चकवत असते आणि कित्येकदा आपल्या पहिल्या अर्थाच्या विरुद्ध टोकाला जाऊन पोचते. आजच्या व्याख्यानासाठी असे एकच चिन्ह मी निवडले आहे. आपलेच शेपूट तोंडात धरलेला सर्प हे ते चिन्ह. त्याचा मागोवा मी मुख्यतः एका कादंबरीत घेणार आहे. जर्मन लेखक मिखाएल एंडे यांची ही अद्भुतरम्य कादंबरी १९७९ मध्ये स्टुटगार्ट येथे प्रसिद्ध झाली. 'कधीही न संपणारी कथा' असा तिच्या नावाचा अर्थ होतो.

कादंबरीकडे वळण्यापूर्वी या सर्पाचे कूळ थोडे पाहू. त्याचे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने चित्र इजिप्तमध्ये सापडते. ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकातील तूतनखामेन राजाचे थडगे १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांनी शोधून काढले. त्यातील सोन्याने मढविलेल्या एका देव्हाऱ्यावर एक उभी मानवाकृती कोरलेली आहे. तिच्या मस्तकाभोवती एक आणि पावलांभोवती एक अशी दोन वेटोळी आहेत, आणि दोन्ही सर्पांची शेपटे त्यांच्याच मुखात आहेत. रात्री पाताळात उतरणारा आणि पहाटे पुन्हा जन्मणारा सूर्य या चित्रलेखाच्या केंद्रस्थानी आहे. पुढे ग्रीकांनी या सर्पाला 'शेपूट खाणारा' या अर्थाचे उरोबोरस हे नाव दिले. किमयाशास्त्राच्या जुन्या ग्रीक हस्तलिखितांपैकी एक व्हेनिस येथील मार्चियाना ग्रंथालयात आहे. त्यात हाच सर्प वर्तुळाकार काढला असून त्याचे अर्धे अंग गडद आणि अर्धे फिकट आहे. वर्तुळाच्या आत, सर्व काही एकच आहे अशा आशयाचे तीन शब्द लिहिलेले आहेत. गडद आणि फिकट हा भेद कृपया ध्यानात असू द्या. आपल्याला त्याची गरज पडणार आहे.

उत्तर युरोपात या सर्पाला निराळेच रूप आले. तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसन यांनी संकलित केलेल्या पुराणकथांनुसार, सर्व भूमींना वेढून समुद्रात पडलेला एक महासर्प आपले शेपूट दातांत धरून आहे, आणि प्रलयाच्या वेळी तो खवळून किनाऱ्यावर येईल. म्हणजे इजिप्तमध्ये जे पुनर्जन्माचे वलय होते, ते येथे जगाचा बांध झाले. आधुनिक काळातही हा सर्प स्वस्थ बसलेला नाही. रसायनशास्त्रज्ञ केकुले यांनी १८६५ मध्ये बेंझिनची वलयाकार रचना मांडली. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८९० मध्ये बर्लिन येथील सत्कारसमारंभात, आपल्याला ही कल्पना स्वतःचे शेपूट धरणाऱ्या सर्पाच्या स्वप्नातून सुचली असे त्यांनी सांगितले. चेन्नईतील अड्यार येथे मुख्यालय असलेल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या मुद्रेवरही हा सर्प आहे, आणि त्याच मुद्रेत ॐकार व स्वस्तिकही आहेत. आपल्याकडील शेष हा त्याचा दूरचा सोयरा म्हणता येईल. पण शेष म्हणजे प्रलयानंतर उरलेला. तो आपल्या अंगावर विश्वाचा भार पेलतो, शेपूट तोंडात धरत नाही. दोघांना एकच समजण्याची घाई आपण करू नये.

आधुनिक अद्भुतकथेत या सर्पाला मानाचे स्थान दिले ते एरिक एडिसन या इंग्रज लेखकाने. त्याच्या कादंबरीच्या नावातच उरोबोरस आहे, आणि योगायोग असा की ती १९२२ मध्ये, तूतनखामेनचे थडगे उघडले त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. तीत दुष्ट राजाच्या हातातील अंगठी या सर्पाच्या आकाराची आहे. घनघोर युद्धानंतर नायकांचा विजय होतो. पण तुल्यबळ शत्रू उरला नाही म्हणून ते खिन्न होतात. मग देवांच्या कृपेने त्यांचे शत्रू पुन्हा जिवंत होतात, आणि कथा जेथे सुरू झाली होती तेथेच परत येते. येथे वर्तुळ म्हणजे वीरांची अखंड युद्धलालसा होय. प्रतीक भव्य आहे यात शंका नाही, परंतु कादंबरीभर त्याचा अर्थ फारसा हलत नाही. तो हलतो एंडे यांच्या कादंबरीत.

मिखाएल एंडे यांचा जन्म १९२९ चा. त्यांचे वडील एडगर एंडे हे अतिवास्तववादी चित्रकार होते. नाझी राजवटीने १९३६ मध्ये त्यांच्या कलेवर बंदी घातली, आणि १९४४ च्या बाँबहल्ल्यात म्यूनिकमधील चित्रशाळेसह त्यांची पुष्कळशी चित्रे जळून गेली. तेव्हा ज्या घरात चित्रे आणि चिन्हे हाच दैनंदिन बोलण्याचा विषय होता, त्या घरातील मुलाने चिन्हांवर राज्यसत्तेचा पहाराही लहानपणीच पाहिला. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

कादंबरीची कथा थोडक्यात अशी. बास्टियान नावाचा एक एकाकी, स्थूल शरीराचा मुलगा आहे. त्याची आई वारली आहे आणि वडील दुःखात इतके बुडाले आहेत की मुलगा समोर असून त्यांना दिसत नाही. वर्गातील मुले त्याचा छळ करतात. एके दिवशी त्यांच्यापासून पळताना तो एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरतो, तेथील एक ग्रंथ चोरतो आणि शाळेच्या माळ्यावर लपून वाचू लागतो. ग्रंथाच्या तांबूस वेष्टनावर दोन सर्प आहेत, एक उजळ आणि एक गडद. प्रत्येकाने दुसऱ्याचे शेपूट तोंडात धरले आहे आणि दोघांचे मिळून एक लंबवर्तुळ झाले आहे. एंडे यांनी केलेला पहिला फरक हाच. परंपरेतला सर्प एकटा असतो आणि स्वतःलाच गिळतो. येथे दोघे आहेत, आणि ते एकमेकांना धरून आहेत.

बास्टियान जो ग्रंथ वाचतो त्यात फांटाझिएन नावाचे कल्पनाराज्य आहे. 'काहीही नाही' अशी एक पोकळी त्या राज्याचा घास घेत चालली आहे, आणि त्याची बालसम्राज्ञी आजारी पडली आहे. उपाय शोधण्यासाठी आत्रेयू या दहा वर्षांच्या मुलाची निवड होते. त्याच्या गळ्यात जे सुवर्णपदक घातले जाते, त्यावर तेच दोन सर्प आहेत. त्याचे नाव आउरिन. त्या राज्यातील लोक हे नाव सहसा उच्चारत नाहीत. ते त्याला 'तेज' म्हणतात, 'रत्न' म्हणतात. आपल्याकडे वडीलधाऱ्यांचे नाव घेणे टाळतात त्यातलाच हा प्रकार.

येथे मुद्रेचा पहिला अर्थ प्रकट होतो. आत्रेयूच्या गळ्यात आउरिन म्हणजे अधिकारपत्र आहे. ते धारण करणाऱ्याच्या मुखातून सम्राज्ञी बोलते. पण हा अधिकार विलक्षण आहे, कारण त्यामागची सत्ता कोणावरही राज्य करीत नाही. सम्राज्ञीच्या लेखी सुंदर आणि कुरूप, सुष्ट आणि दुष्ट सारखेच आहेत. म्हणून आत्रेयूला शस्त्र बाळगता येत नाही, आणि पदकाच्या सामर्थ्याचा स्वतःसाठी उपयोगही करता येत नाही. ते त्याचे रक्षण करते, वाट दाखवते. त्याने फक्त स्वतःचे मत बाजूला ठेवून चालत राहायचे. उजळ आणि गडद सर्प एका वर्तुळात समान मानाने का बसले आहेत, हे या टप्प्यावर समजते. किमयाग्रंथातील जुन्या सर्पाच्या हा अर्थ सर्वांत जवळचा आहे.

कादंबरीच्या मध्यावर वाचक बास्टियान स्वतःच त्या राज्यात प्रवेश करतो. सम्राज्ञीला नवे नाव देऊन तो तिला वाचवतो, आणि आउरिन आता त्याच्या गळ्यात येते. पदकाच्या मागच्या बाजूला चार लहान शब्दांची आज्ञा कोरलेली आहे, हे त्याच्या लक्षात येते. आपल्या इच्छेप्रमाणे वागावे, असा तिचा वरवरचा अर्थ. ज्या मुलाला आजवर कोणी विचारले नाही, त्याला याहून गोड आज्ञा कोणती? ग्राओग्रामान नावाच्या सिंहाला तो आनंदाने सांगतो की, आता मला वाटेल ते करण्याची मुभा आहे. सिंह गंभीर होतो आणि त्याला बजावतो की, ही मुभा नाही. स्वतःची खरी इच्छा ओळखून तीच पार पाडणे हे कर्तव्य आहे, आणि त्याइतके कठीण दुसरे काही नाही.

मुद्रेचा हा दुसरा अर्थ. तेच पदक आता इच्छा पुरवणारे झाले आहे. आपल्याला कल्पवृक्ष आणि चिंतामणी परिचित आहेत. कल्पवृक्षाखाली बसून वाघाची कल्पना करणाऱ्या माणसाची गोष्ट लहानपणी पुष्कळांनी ऐकली असेल. तिच्यात धोका मनात आलेल्या विचाराचा असतो. एंडे यांनी धोका अन्यत्र ठेवला आहे. बास्टियानची प्रत्येक इच्छा पूर्ण होते, आणि प्रत्येक इच्छेपायी त्याच्या पूर्वायुष्यातील एक आठवण नाहीशी होते. तो देखणा होतो, आणि आपण कधी लठ्ठ होतो हे विसरतो. तो बलवान होतो, शूर होतो, ज्ञानी म्हणून मान्यता पावतो; शाळा, छळ, दुबळेपणा सारे विसरले जाते. वरवर पाहता यात तोटा काय? नको असलेल्या आठवणीच तर जात आहेत. पण ज्याची इच्छा पुरवली जाते, तो माणूसच या हिशेबात कणाकणाने संपत असतो. अखेर त्याला सम्राट व्हायचे असते, आणि त्या हव्यासापायी तो आपला सखा आत्रेयू याला तलवारीने जखमी करतो.

या वाटेचा शेवट कोठे होतो, हे एंडे यांनी एका नगराच्या रूपाने दाखवले आहे. आजवर जे जे बाहेरून आले, सम्राट होऊ पाहू लागले किंवा झाले, आणि ज्यांची शेवटची आठवणही खर्ची पडली, ते सारे त्या नगरात भ्रमिष्टासारखे फिरत असतात. आठवण उरली नाही म्हणून इच्छाही उरली नाही. एक माकड त्यांच्यावर देखरेख करते आणि त्यांना अक्षरे कोरलेल्या फाशांचा एक खेळ खेळायला लावते. फासे टाकायचे आणि जी अक्षरे पडतील ती पाहायची. अनंत काळ खेळत राहिल्यास जगातील सर्व कथा केव्हा तरी या फाशांतून उमटतील, पण त्या सांगणारा मात्र कोणी नसेल. स्मृतीवाचून भाषा म्हणजे काय, याचे याहून भेदक चित्र माझ्या वाचनात नाही. स्वतःलाच गिळत जाणाऱ्या सर्पाचा भीषण अर्थ येथे उघड होतो, आणि गंमत अशी की पदकावर असा सर्प कोरलेलाच नाही. पदकावरील सर्पांनी एकमेकांना धरले आहे. स्वतःला गिळले आहे ते बास्टियानने.

पदकावरच्या आज्ञेला युरोपात दीर्घ परंपरा आहे. फ्रेंच लेखक राबले याने सोळाव्या शतकात एक आदर्श मठ कल्पिला आणि मनाप्रमाणे वागा एवढाच नियम त्याला घालून दिला. सुसंस्कृत माणसाची प्रवृत्ती मुळातच चांगल्याकडे असते, असा त्याचा विश्वास होता. त्याच्या अकरा शतके आधी संत ऑगस्टीन यांनी आपल्या एका प्रवचनात जवळजवळ हीच मोकळीक दिली होती, पण तिच्याआधी प्रेम ही अट ठेवली होती. माझ्या मते बास्टियानचा प्रवास हा या पहिल्या सूत्राकडून दुसऱ्याकडे जाणारा प्रवास आहे. नगरातून निसटल्यावर त्याच्या इच्छा बदलू लागतात. आधी त्याला कोणाच्या तरी सोबतीत असावेसे वाटते. मग आपण जसे आहोत तसे कोणाला तरी आवडावे असे वाटते. आणि शेवटी, आपल्याला कोणावर तरी प्रेम करता यावे असे वाटते. या शेवटच्या इच्छेपायी आई-वडिलांची आठवणही जाते. उरते फक्त नाव. मग विसरलेल्या स्वप्नांच्या खाणीत अंधारात खपून तो एक चित्र शोधून काढतो. बर्फात गोठलेल्या एका माणसाचे ते चित्र त्याच्या वडिलांचे आहे, हे वाचकाला कळते, त्याला कळत नाही. आणि या शोधात नावही जाते.

आता त्याच्याजवळ केवळ पदक आहे. येथेच मुद्रेचा तिसरा अर्थ उलगडतो. तो पदक गळ्यातून काढून आत्रेयूपुढे बर्फावर ठेवतो, आणि त्याच क्षणी दोघेही पदकाच्या आत असतात. जे दागिन्याएवढे होते ते आता आकाशाएवढे झाले आहे. दोन महाकाय सर्प, एक रात्रीसारखा काळा आणि एक रुपेरी, एकमेकांना घट्ट धरून जीवनजलाचा झरा राखीत आहेत. त्यांनी एकमेकांना सोडले तर जग संपेल. उत्तरेच्या पुराणकथेतील बांध येथे पुन्हा दिसतो, परंतु तो आता दोघांचा आहे. झरा बास्टियानला नाव विचारतो. त्याला ते सांगता येत नाही. ते आत्रेयू सांगतो, ज्याला त्याने घायाळ केले होते तोच. ज्या ज्या कथा तू सुरू केल्यास त्या पूर्ण केल्यास का, या प्रश्नालाही त्याच्याजवळ उत्तर नसते. त्या पूर्ण करण्याचे वचनही आत्रेयूच देतो. एकाची स्मृती दुसऱ्याने जपली, म्हणून पहिल्याला घरी परतता आले. दोन सर्प का, याचे उत्तर कादंबरीने असे शेवटी दिले आहे.

मुद्रेच्या आकृतीत या सर्व काळात एका रेषेचाही फरक झालेला नाही, हे पाहण्यासारखे आहे. एकाने ती स्वतःसाठी वापरली नाही, म्हणून ती कवच झाली. दुसऱ्याने ती स्वतःसाठीच वापरली, म्हणून ती सावकार झाली. त्यानेच ती खाली ठेवली, तेव्हा ती द्वार झाली.

परंतु प्रतीकाचे आणखी एक भवितव्य एंडे यांनी दाखवले आहे, आणि माझ्या मते ते या कादंबरीतील सर्वांत जळजळीत स्थळ आहे. फांटाझिएनमधील जे प्राणी त्या पोकळीत जाऊन पडतात, त्यांचे पुढे काय होते? एक मरणासन्न वृकमानव आत्रेयूला सांगतो की, ते माणसांच्या जगात खोट्याच्या रूपाने अवतरतात. त्यांच्या साहाय्याने माणसांना नको ते विकता येते, ज्याला ओळखतही नाही त्याचा द्वेष करायला लावता येते. कल्पना आपल्या जगात जिवंत असते तोवर ती सत्य असते. तिच्या जगातून उपटून काढली की तीच हत्यार बनते.

हे वाचताना भारतीय वाचकाला स्वस्तिक आठवल्यावाचून राहणार नाही. आपल्या उंबरठ्यावर, वहीच्या पहिल्या पानावर, कलशावर जे चिन्ह हजारो वर्षे कल्याणाची खूण म्हणून उमटत आले, त्याच्यासारखेच चिन्ह जर्मनीतील नाझी पक्षाने १९२० मध्ये आपल्या ध्वजावर घेतले, आणि १९३५ मध्ये तो ध्वज त्या देशाचा एकमेव राष्ट्रध्वज झाला. तेव्हा एंडे सहा वर्षांचेही नव्हते. त्यांनी हे स्थळ लिहिताना तेच चिन्ह मनात धरले होते, असा दावा मी करीत नाही. पण एखाद्या प्राचीन आकृतीला सत्तेने एकच अर्थ सक्तीने चिकटवला की किती माणसे मरतात, हे पाहिलेल्या पिढीचा हा लेखक आहे, एवढे आपण विसरू नये. त्या चिन्हाचा युरोपातील अर्थ ऐकून आपण दुखावतो आणि आपला अर्थ ऐकून तेथील माणूस चकित होतो. दोघांनाही आकृती तीच दिसत असते.

आउरिनलाही सौम्य प्रमाणात हे भोगावे लागले. १९८४ मध्ये व्होल्फगांग पेटरसन यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला. त्यात कादंबरीचा जवळजवळ पूर्वार्धच घेतला गेला. इच्छांची किंमत सांगणारा उत्तरार्ध वगळला गेला, आणि बास्टियान आपल्याला छळणाऱ्या मुलांमागे ड्रॅगनवर बसून लागतो, अशा दृश्याकडे कथा नेली गेली. एंडे यांना तो चित्रपट इतका नापसंत होता की आपले नाव त्यातून काढून टाकावे अशी मागणी त्यांनी केली. पुढे ती सर्पमुद्रा गळ्यातील अलंकार म्हणून विकली जाऊ लागली. सिंहाने दिलेला इशारा ज्याला ठाऊक नाही, त्याच्या गळ्यात ती नुसती इच्छापूर्तीची खूण असते. म्हणजे बास्टियानची चूक बाजाराने जशीच्या तशी उचलली.

जाता जाता, माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने एक गोष्ट सांगते. पदकावरील आज्ञेतील जर्मन क्रियापद इच्छिणे आणि ठाम निश्चय करणे या दोन्ही अर्थांनी चालते. बास्टियान एक अर्थ घेतो, सिंह दुसरा. मराठीत या दोहोंसाठी आपल्याजवळ शब्दांची रेलचेल आहे. लहर, मर्जी, हौस, वासना, इच्छा, संकल्प. मनात येईल ते करणे आणि मनापासून वाटेल ते करणे यांतला फरक मराठी माणूस नुसत्या प्रत्ययाने दाखवतो. पण अनुवादकाला येथे हे वैभव अडचणीचे ठरते. 'मर्जी' म्हटले तर सिंह खोटा पडतो आणि 'संकल्प' म्हटले तर बास्टियानची चूक अशक्य होते. चुकण्याची सोय नसेल तर ही कथाच घडणार नाही. मला या जागी एकच साधा शब्द योग्य वाटतो, तो म्हणजे 'हवे'. खाऊच्या दुकानापुढे उभे राहून मूल 'मला हे हवे' म्हणते तेव्हा तो हट्ट असतो. 'आता घरी जायला हवे' म्हणतो तेव्हा ते कर्तव्य असते. मागणी आणि जबाबदारी एकाच शब्दात नांदवण्याची किमया आपल्या भाषेने कोणताही गाजावाजा न करता केलेली आहे. उजळ आणि गडद असे दोन्ही सर्प त्या शब्दात आहेत.

ग्रंथपाल आणि शिक्षक येथे बहुसंख्येने उपस्थित आहेत, म्हणून एक विनंती करावीशी वाटते. एखादे मूल पुस्तकातील चिन्हाकडे बोट दाखवून याचा अर्थ काय, असे विचारील तेव्हा कोशातील उत्तर देण्याची घाई करू नये. हे चिन्ह आता कोणाच्या हातात आहे, त्याने त्याचे काय केले, आणि त्यापायी त्याला काय गमवावे लागले, असे तीन प्रश्न त्याला उलट विचारावेत. जे मूल पुस्तकातील पदकाविषयी हे प्रश्न विचारू शकेल, ते उद्या ध्वजाविषयी, घोषणेविषयी आणि जाहिरातीविषयीही ते विचारील.